आमच्या डोंगराचा छेद

आमच्या वेळी सिव्हिलच्या पोरांना भूशास्त्र हा विषय पानातल्या लोणच्यासारखा वाटायचा. वाढलं तर खायचं, नाही वाढलं तर कुणी मागायचं नाही. खरा मान पूल, धरणं, काँक्रीट यांना. वर्गातली मुलं या विषयाला सरळ ‘धोंडे’ म्हणायची. “आज दुपारी धोंडे आहेत, मी काही येत नाही,” असं एकमेकांना सांगून सिनेमाला जायची. माझ्या हातून पुढं जे काही बरं झालं त्याची सुरुवात या धोंड्यांपासून झाली, आणि हे लिहिताना या वयातही मला जराशी ऐट येते. येऊ दे. खात्यात सगळी नोकरी मान खाली घालून केली, आता घरी बसल्यावर थोडी ऐट चालून जाईल.

आमची वाडी ताम्हिणीच्या अलीकडं, कोकणात उतरणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला होती. रस्त्याकडेला आबांचं, माझ्या वडिलांचं, चहा-भज्यांचं हॉटेल, म्हणजे चार मेढी आणि वर पत्रा. तिथून पायवाटेनं चढून आलं की घरं. घरांच्या मागं भातखाचरांचे टप्पे, त्यांच्या वर गवत, आणि गवताच्या वर काळा कडा सरळ आभाळात घुसलेला. पावसाळ्यात पत्रा असा वाजायचा की घरात कुणी हळू बोलतच नसे. आमच्या वाडीची माणसं शहरात भांडखोर वाटतात त्याचं कारण तेच. आम्ही लाडानंसुद्धा ओरडूनच बोलतो. चुलीवरच्या माळ्यावर ओली लाकडं वाळत ठेवलेली असत आणि त्यांचा धूर घोंगड्यांत, केसांत, भाकरीत सगळीकडं शिरलेला असे. नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी, खाचरात सापडलेल्या खेकड्यांचा रस्सा. खेकड्यांचे नांगे आई पाट्यावर ठेचून फडक्यातून पिळायची आणि त्या पाण्यात रस्सा करायची. तशी चव मला पुन्हा कुठं मिळाली नाही, आणि मी खाल्लं नाही असं गाव जिल्ह्यात फार थोडं.

घराच्या मागं एक झरा होता. उन्हाळ्यात करंगळीएवढा, पावसाळ्यात मांडीएवढा. त्याच्या जरा वर डोंगराच्या पोटात तांबड्या मातीचा पट्टा होता. गौरी जवळ आल्या की आई आणि शेजारणी पाट्या घेऊन वर जायच्या, ती माती खरवडून आणायच्या आणि भिजवून भिंतींच्या खालच्या अंगाला पट्टा ओढायच्या. वाळली की ती माती गेरूसारखी देखणी दिसायची आणि ओली असताना हातातून साबणासारखी सटकायची. मी लहानपणी तिचे बैल करायची. या मातीला इंग्रजीत नाव असेल आणि ते मला एके दिवशी परीक्षेत लिहावं लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

चौथीनंतर शाळेसाठी मी पौडला मामाकडं राहिले आणि तिथून पुण्याला कॉलेजात गेले. वाडीतली कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आबांनी ते हॉटेलात येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगितलं होतं. नेमकं काय शिकते ते त्यांना सांगता यायचं नाही, मग ते म्हणायचे, “रस्तं करायचं शिकतीया.” ड्रायव्हर लोकांना ते फार पटायचं. ते म्हणायचे, “मग ह्यो घाट आदी कराय सांगा तिला.”

भूशास्त्राला करमरकर सर होते. उंच, किडकिडीत, उन्हानं काळवंडलेले. सगळ्या विद्यार्थ्यांना आडनावानं आणि ‘तुम्ही’ म्हणून हाक मारायचे. प्रयोगशाळेत लाकडी खोक्यांत कापसावर दगड मांडलेले असत. सर एक दगड हातात द्यायचे आणि फक्त “बोला” म्हणायचे. मग आपण बोलायचं. चाकूनं ओरखडा उठतो का, वजन किती वाटतं, तुटलेली कड कशी आहे, छिद्रं आहेत का, छिद्रांत पांढरं काही भरलंय का. पुस्तकातलं नाव पहिल्यांदा घेतलं तर त्यांना राग यायचा. “नाव नंतर. आधी काय दिसतंय ते सांगा.” पुढं खात्यात हाताखाली नवी मुलं आली तेव्हा हेच वाक्य मी त्यांना ऐकवत असे, आणि तीही माझ्यावर तशीच वैतागत असत.

एका दुपारी सरांनी एक तांबडं ढेकूळ सगळ्या वर्गात फिरवलं. माझ्या हातात आलं आणि वास घेतल्याबरोबर मला घर आठवलं.

“सर, ही आमच्याकडं भिंतीला लावतात,” मी म्हणाले.

वर्ग हसला. सर हसले नाहीत. “तुमच्याकडे म्हणजे कुठे, शेडगे?”

“ताम्हिणीच्या अलीकडं.”

“थर किती जाड आहे?”

“माझ्या खांद्याएवढा. कुठं कमी, कुठं जास्त.”

“त्याच्या वर काय?”

“काळा दगड. भेगा पडलेला.”

“आणि झरा आहे का तिथे जवळपास?”

“आहे, सर. अगदी तिथंच आहे.”

“असणारच,” सर म्हणाले, आणि फळ्याकडं वळले. त्या दिवशी त्यांनी आमचा डोंगर फळ्यावर काढला. एकदा लाव्हा पसरला, थंड झाला, त्यावर कितीतरी काळ माती धरली. मग दुसरा लाव्हा आला आणि त्यानं ती माती खालीच भाजून काढली, भट्टीतल्या विटेसारखी. वरच्या दगडाच्या भेगांतून पाऊस खाली झिरपतो, तांबडा थर त्याला पुढं जाऊ देत नाही, मग पाणी आडवं चालतं आणि डोंगराच्या अंगातून बाहेर पडतं. तोच झरा. आणि तो थर फार भिजला की निसरडा होतो. मी वहीत लिहायचं विसरून ऐकत होते. ज्या डोंगराखाली मी जन्मले त्याची जन्मकथा मला पुण्यात, पंख्याखाली बसून कळत होती. आणि भोवती बसलेल्या साठ मुलांत ती मला एकटीला डोळ्यांनी दिसत होती.

सरांनी मला दिवाळीच्या सुटीत आमच्या डोंगराचा छेद काढून आणायला सांगितलं. छेद म्हणजे डोंगर सुरीनं उभा कापला तर आत जे दिसेल त्याचं चित्र. मी सुटीभर कडा ते रस्ता चढउतार केली. आबांनी लोहाराकडून हातोडीला एका बाजूनं टोक काढून दिलं होतं. मी दगड फोडत हिंडायची आणि आई खालून ओरडायची, “मंगे, डोंगर जागंवर ऱ्हाऊ दे गं!” चित्र सुरेख झालं. काळा कडा, तांबडा पट्टा, झरा, खाचरं, आणि तळाला काळ्या दगडावर उभी असलेली आमची घरं. सरांनी ते टेबलावर पसरलं, बराच वेळ पाहिलं आणि घरांच्या खाली बोट ठेवलं.

“इथे खडक दाखवलाय. तो तुम्ही पाहिलात?”

मी पाहिला नव्हता. धरून चालले होते. घरं उभी आहेत म्हणजे खाली खडक असणारच.

“जाऊन पाहा,” ते म्हणाले.

पुढच्या रविवारी मी एसटीनं घरी गेले. हॉटेलाच्या मागं रस्ता करताना डोंगर कापला होता, तो काप मी जन्मापासून पाहत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. एकही थर नव्हता. माती, आणि मातीत रुतलेले धोंडे. कुणी डोक्याएवढा, कुणी म्हशीएवढा, कुणी आडवा, कुणी उलटा. कोपऱ्यात तांबड्या मातीचा एक गोळाही होता, त्याच्या जागेपासून कितीतरी खाली. हे सगळं कधीतरी वरून आलेलं होतं. आमची वाडी पूर्वी कधीतरी कोसळलेल्या डोंगराच्या ढिगावर बसलेली होती.

आता आमच्या भागात हिंजवडीची मुलं प्लॉट घेतात. माझा भाचाही असल्या प्लॉटांच्या व्यवहारात आहे. मध्यंतरी एक जोडपं त्याच्याबरोबर माझ्याकडं आलं. मला फोनवर फोटो दाखवत ती मुलगी म्हणाली, “काकू, व्ह्यू बघा ना, अमेझिंग आहे.” व्ह्यू खरंच छान होता. मी विचारलं, “घराच्या मागं काय दिसतं?” तिनं मागचा फोटोच काढला नव्हता. मी दोघांना जेवायला घातलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर प्लॉटवर गेले. असो.

सरांना मी काप सांगितला तेव्हा त्यांनी मला घाबरवलं नाही. ते म्हणाले, असे ढीग शेकडो वर्षं शांत बसतात, माणसं त्यांच्यावर नांदतात. फक्त काही खुणा ध्यानात ठेवा. वर जमिनीला भेग पडणं, झाडं, खांब कलणं, आणि झऱ्याचं वागणं बदलणं. झरा गढूळ झाला किंवा भर पावसात बंद पडला तर पाणी आत कुठंतरी साठतंय असं समजा.

पुढच्या पावसाळ्यात परीक्षा आटोपून मी लावणीसाठी घरी गेले. त्या वर्षी पावसानं दमच घेतला नाही. चिखलात दिवसभर वाकून कंबर मोडायची आणि संध्याकाळी खोबऱ्याचं वाटण घातलेली हुलग्याची आमटी प्यायली की पुन्हा माणसात यायचं. एका सकाळी मी हंडा घेऊन मागं गेले आणि झऱ्याला पाणी नव्हतं. आदल्या दिवसापर्यंत मांडीएवढी धार होती. आता दगड नुसते ओले.

आईला बरंच वाटलं होतं. “परसातला चिकुल तरी हटंल,” ती म्हणाली.

मी तशीच वर गेले. आमच्या वरच्या खाचरात आबा आणि शेजारचे गणपतभाऊ बांधाशी बसून माती थोपत होते. गणपतभाऊ वाडीतले वडीलधारे. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नसे.

“खाचरात पानीच ठरना झालंय,” आबा म्हणाले. “खेकड्यांनी समदा बांध पोखरलाय.”

मी वाकून पाहिलं. पाणी एका भेगेत शिरत होतं. मी भेगेच्या मागं चालत गेले. ती आमचा बांध ओलांडून गणपतभाऊंच्या खाचरात गेली होती, तिथून पुढं गवतात. गवत बाजूला केलं तर हात आत जाईल एवढी रुंद. धनुष्यासारखी वाकलेली ती भेग सगळ्या वाडीच्या डोक्यावरून गेली होती.

मी आबांना सगळं सांगितलं. झरा, भेग, तांबडा थर, खालचा ढीग. पावसात ओरडून ओरडून सांगितलं. गणपतभाऊ चिलमीला आडोसा धरून ऐकत होते.

“पोरी, माजा आज्जा हितंच मेला. त्येचा आज्जा बी हितंच. डोंगर कुटं जातुया?”

तेवढ्यात आई न्याहारी घेऊन आली होती. तिनं भेग पाहिली, त्या टोकापासून या टोकापर्यंत नजर फिरवली आणि म्हणाली, “आवं, पर खेकडा असा सरळ बिळं पाडत जातुय व्हय? त्यो तर तिरका चालतुय.”

गणपतभाऊ हसले. आबा हसले नाहीत.

मी भेगेच्या दोन्ही अंगांना मेखा ठोकल्या आणि त्यांच्यामध्ये सुतळी बांधली. मुद्दाम सैल बांधली. आबांना म्हटलं, “उद्या सकाळी तुम्हीच या.” सकाळी आम्ही गेलो तेव्हा सुतळी ताणून तुटलेली होती आणि खालच्या अंगाची मेख खाली बसली होती. आबा पावसात उभे राहून त्या तुटलेल्या टोकाकडं बघत होते. लावणी अर्धी झाली होती. रोपं मुठी बांधून पडलेली. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला आज, घर-संसार करून झाल्यावर, नीट कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच वाटत होतं की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा.

“कुटं जायाचं म्हणतीस?” त्यांनी विचारलं.

“शाळेत.” वाडीची शाळा ओढ्यापलीकडं, डोंगराच्या सोंडेवर होती. तिथं मी स्वतः पाहिलं होतं, पायऱ्याच खडकात कोरलेल्या होत्या. “तिथं खाली अखंड खडक आहे, आबा.”

आबा घरी आले, आईला म्हणाले, “बैलं सोड,” आणि डोक्यावर इरलं घेऊन घरोघर गेले. आबा अबोल माणूस. गिऱ्हाइकालाही दोन शब्दांत चहा देणारा. मी दावं धरून उभी होते आणि प्रत्येक दारात त्यांचा आवाज ऐकत होते. “माझी मंगल सांगतीया, डोंगर सुटलाय. ती त्येच शिकलीया. शाळंत चला.” माणसं माझ्या बोलण्यावर आली नसती. आबांसारखा माणूस लावणी टाकून निघाला, हे पाहून ती निघाली. गणपतभाऊसुद्धा आले, कुरकुरत का होईना.

शाळेत दोन खोल्या. माणसं आत, गुरं ओसरीवर. तीन दगडांच्या चुली, रडणारी पोरं, ओल्या घोंगड्यांचा वास. पहिला दिवस सगळ्यांना जत्रेसारखा वाटला. दुसऱ्या दिवशी भांडणं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला, ऊन पडलं, डोंगर हिरवागार आणि निवांत दिसायला लागला, आणि सगळी वाडी माझ्याकडं बघायला लागली. कुणी बोललं नाही तरी कळत होतं. पत्रा वाजायचा थांबल्यामुळं तर शांतता कानात दुखत होती. माझं चुकलं असेल का, हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला की समोरची भाकरी तशीच राहिली. आईनं कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, “तुला जे दिसलं ते तू सांगितलंस. आता गप जेव.”

न्याहारी झाल्यावर गणपतभाऊंनी खांद्यावर घोंगडी टाकली. “माजी रोपं कुजाय लागली. मी चाललो,” म्हणाले आणि उतारानं निघाले. त्यांच्यामागं आणखी माणसं उठतील हे उघड होतं. मी त्यांच्यामागं धावले. ओढ्याशी त्यांना गाठलं.

“भाऊ, नका जाऊ.”

“सोड, पोरी. ऊन पडलंय.”

“ओढा बघा, भाऊ!”

ओढ्याचं पाणी तांबडंलाल होतं. चिखलाचं नव्हे, भिंतीच्या पट्ट्याचं तांबडं. “ही गौरीची माती आहे. वरचा थर विरघळून येतोय,” मी म्हणाले आणि त्यांच्या बंडीची बाही धरली. वडीलधाऱ्या माणसाला असं धरण्याची आयुष्यातली ती एकच वेळ. ते पाण्याकडं बघत थांबले. दोनदा थुंकले. “गौरीचीच हाय,” असं पुटपुटले, आणि तेवढ्यात वरून आवाज आला.

खडीचा ट्रक ओततात तसा आवाज. पण संपतच नाही असा. भेगेच्या रेषेपासून सगळा उतार, खाचरं, बांध, बांधावरचा आंबा, उभ्याच्या उभा खाली सरकला. आंबा काही अंतर सरळ उभाच चालत आला आणि मग आडवा झाला. घरं मी पडताना पाहिली नाहीत. ती होती, आणि मग नव्हती. ओल्या मातीचा कच्चा वास तोंडात गेला. पुढं सगळं शांत झालं तेव्हा गणपतभाऊ मटकन खाली बसले होते आणि त्यांची बाही अजून माझ्या मुठीत होती.

माणूस एकही गेलं नाही. गुरं वाचली. हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल. बाकी गेलं ते गेलंच. आई पाट्यासाठी रडली, उतरंडीसाठी रडली. आबांचं रस्त्याकडेचं हॉटेलही गाडलं गेलं. त्या वर्षी आम्ही शाळेतच गौरी बसवल्या. करमरकर सर बातमी कळल्यावर स्वतः आले. शाळेच्या ओसरीवर आबांच्या शेजारी मांडी घालून बसले, हातात चहाचा पेला घेऊन म्हणाले, “तुमच्या मुलीनं जे केलं ते मी शिकवलं, असं मी आता सगळीकडे सांगणार आहे. तुमची हरकत नाही ना?” आबांनी सरांचा पेला काठोकाठ पुन्हा भरला.

पाऊस सरल्यावर शाळेच्या अंगाची गायरान जमीन नव्या वाडीला मिळाली. पाया घ्यायच्या आधी प्रत्येकानं आपल्या जागेत खड्डा खणायचा, असं मी सांगितलं. पहार वाजली म्हणून लगेच खडक म्हणायचं नाही. चारी अंगांनी खणून बघायचं. कड सापडली तर धोंडा, नाही सापडली तर खडक. सगळी वाडी कामाला लागली. “इंजनेरबाई, आमच्या खड्ड्यात उतरा की,” म्हणून हाका यायच्या. मी दिवसभर एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात उतरत होते, केसांत माती, गुडघे सोललेले. इतका मान मला पुढं मोठ्या पुलाच्या उद्घाटनातही मिळाला नाही.

आमच्या खड्ड्याशी पोचले तेव्हा आई काठावर कमरेला हात लावून उभी होती. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत मातीत.

“उतरू नगंस. मी बघितलाय. खडक हाय.”

“चारी अंगांनी खणलंस?”

“चारी अंगांनी. कड न्हाई घावली.”

दुसऱ्याच्या शब्दावर खडक लिहायचा नाही, हे मी सरांकडून शिकले होते. म्हणून मी उतरले. गुडघ्यावर बसून तळ हातानं पुसला, कोपरे तपासले. काळा, घट्ट, एकसंध.

“खडकच आहे,” मी खालून म्हणाले.

“मग मी काय सांगतीया?” आई म्हणाली. तिनं हात देऊन मला वर ओढलं आणि मी अंगावरची माती झटकतेय तोवर ती गणपतभाऊंच्या खड्ड्याशी जाऊन वाकून आत बघत होती.

“भाऊ,” ती ओरडली, “ह्यो खड्डा कमरंएवढा बी न्हाई झाला अजून. खणा. ही कड दिसतीया, ह्यो धोंडा हाय.”